आप्पांचं ऑपरेशन, आत्याचा आजार आणि दोन एकर ऊस

‘ताई, आम्ही माळशिरस तालुक्यातले शेतकरी. माझे वडील ६७ वर्षांचे. चार महिने त्यांची कंबर दुखत होती. उसाच्या कामानं असेल म्हणून मालिश झाली, पट्टा झाला, दुखण्याची इंजेक्शनं झाली. शेवटी लघवी तुंबली तेव्हा रक्त तपासलं, तर पीएसए, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीच्या आजारात वाढणारा रक्तातला आकडा, १८६. बायोप्सीत प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, ग्लीसन, म्हणजे तो किती आक्रमक याचं माप, ४+५ आलं. हाडांच्या स्कॅनमध्ये कमरेच्या मणक्यांत आणि खुब्यात डाग आहेत. डॉक्टर म्हणाले, अंडकोषातल्या गोळ्या काढायचं छोटं ऑपरेशन करू आणि अ‍ॅबिराटेरॉनच्या गोळ्या चालू करू. पाच मिनिटांत आम्ही बाहेर. आप्पा म्हणतात, “या वयात मला खच्ची करून बैल करू नका.” मी मोबाईलवर वाचलं की आता जनुकांवरची औषधं आलीत, ल्युटेशियमचं इंजेक्शन आलंय. मग आम्हालाच ऐंशी वर्षांपूर्वीचं ऑपरेशन का? गरीब दिसलो म्हणून? दोन एकर उसाची जमीन विकायची माझी तयारी आहे, गिऱ्हाईकही आलंय. माझी आत्या ४१व्या वर्षी छातीच्या कॅन्सरनं गेली, तेव्हा पैशावाचून राहिलं हे आप्पांच्या मनातून गेलेलं नाही. गावातले एक झाडपाल्याची पावडर सुचवतायत. आठवडाभर आप्पांचे पाय जड पडतायत, अशक्तपणा असेल. मी काय करू?’

प्रिय भाऊ,

तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य मी तीनदा वाचलं. पाय जड पडतायत, अशक्तपणा असेल. बाकी सगळ्याचं उत्तर खाली देते, पण आधी हे. ज्या माणसाच्या कमरेच्या मणक्यात कॅन्सरचे डाग आहेत त्याचे पाय जड पडले, तर त्याला अशक्तपणा म्हणून सोडायचं नाही. मणक्यातली गाठ वाढून आतल्या मज्जारज्जूवर किंवा नसांवर दाब येत असू शकतो. हा दाब वेळेत काढला तर माणूस चालता राहतो. उशीर झाला तर गेलेली ताकद बऱ्याचदा परत येत नाही. इथे हिशोब तासांचा असतो.

म्हणून हे वाचताय त्याच दिवशी निघा. पुढच्या तारखेची वाट बघू नका. आप्पांना खाली बसून उठायला जमतंय का, मांड्यांच्या आत किंवा बसायच्या जागी बधिर वाटतंय का, शौचाचा ताबा सुटलाय का, हे वाटेतच विचारून ठेवा आणि डॉक्टरांना गेल्या गेल्या सांगा. लघवी तुंबली ती ग्रंथी वाढल्यामुळे की नसांवरच्या दाबामुळे, हेही त्यांना विचारा. पूर्ण पाठीच्या कण्याचा एमआरआय लागेल. दाब दिसला तर स्टेरॉइडचं इंजेक्शन, शेक म्हणजे रेडिएशन, कधी मणक्याचं ऑपरेशन, यांतलं काय ते तिथले डॉक्टर ठरवतील. तोवर मालिश बंद, पट्टा बांधून ओढाताण बंद, मोटारसायकलवर बसवून नेणं बंद.

आता तुमचा प्रश्न. ऑपरेशन जुनं आहे, हे खरं. १९४१ साली शिकागो विद्यापीठात चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी दाखवून दिलं की पुरुषी हार्मोन काढून घेतलं की प्रोस्टेटचा पसरलेला कॅन्सर मागे हटतो. हाडांच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलेली माणसं काही दिवसांत उठून बसली. त्याआधी कॅन्सर म्हणजे बेलगाम वाढ, तो कुणाचं ऐकत नाही, अशीच समजूत होती. हा कॅन्सर मात्र शरीरातल्या एका रसायनावर जगतो, असं दिसलं. हगिन्सना १९६६ साली नोबेल मिळालं.

तो हार्मोनवर का जगतो, हे कळायला पुढची कित्येक दशकं गेली आणि माझी नोकरीची वर्षं त्याच प्रश्नात गेली, म्हणून जरा सविस्तर सांगते. प्रोस्टेटच्या पेशीत एक प्रथिन असतं, त्याला अँड्रोजन रिसेप्टर म्हणतात. टेस्टोस्टेरॉन पेशीत शिरलं की त्याचं आणखी जोरकस रूप तयार होतं आणि ते या रिसेप्टरला जाऊन चिकटतं. मग ही जोडी पेशीच्या केंद्रकात जाते, डीएनएवर ठरावीक जागी बसते आणि तिथली जनुकं चालू करते. आप्पांचा जो पीएसए १८६ आला, तो अशाच एका जनुकाचा माल. २००५ साली मिशिगन विद्यापीठात अरुल चिन्नय्यन यांच्या गटाला आणखी एक गोष्ट सापडली. पाश्चात्त्य रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांच्या गाठीत दोन जनुकं तुटून एकमेकांना जोडली गेलेली होती. त्यातलं पहिलं हार्मोनच्या हुकमावर चालणारं, दुसरं पेशीला वाढवणारं. जोडले गेल्यामुळे हार्मोन आलं की वाढच चालू. तुम्ही वाचलेलं हे जनुकांचं सगळं नवं शास्त्र शेवटी हगिन्सच्या त्या जुन्या ऑपरेशनशीच येऊन पोचतं. ते का लागू पडतं, हे आपल्याला आज ८० वर्षांपूर्वीपेक्षा फार नीट कळलंय.

श्रीमंत माणसालाही आज पहिल्या दिवशी हीच सुरुवात मिळते, मुंबईत असो नाहीतर अमेरिकेत. फरक एवढाच की तिकडे बहुतेक जण ऑपरेशनऐवजी दर महिन्याला, तीन महिन्यांनी किंवा सहा महिन्यांनी इंजेक्शन घेतात. मेंदूतून वृषणांना जो निरोप जातो, तो हे इंजेक्शन बंद पाडतं. काम दोन्हींचं तेच, टेस्टोस्टेरॉन जवळजवळ शून्यावर आणायचं. पण आप्पांच्या बाबतीत एक बारीक गोष्ट आहे, ती तुम्हाला त्या पाच मिनिटांत कुणी सांगितली नसणार. नेहमीच्या इंजेक्शनांपैकी बरीचशी पहिल्या एकदोन आठवड्यांत टेस्टोस्टेरॉन आधी वाढवतात आणि मग पाडतात. मणक्यात गाठ असलेल्या माणसाला हा मधला उसळीचा काळ महागात पडू शकतो. म्हणून इंजेक्शनच द्यायचं झालं तर आधी काही दिवस बायकॅलुटामाइडसारख्या गोळ्यांचं कवच देतात, किंवा डेगारेलिक्स नावाचं उसळी न आणणारं इंजेक्शन निवडतात. ऑपरेशननं मात्र टेस्टोस्टेरॉन काही तासांत खाली येतं, उसळी नाही. म्हणजे तुम्हाला जे गरिबाच्या वाट्याचं वाटलं, ते आप्पांच्या मणक्यासाठी सगळ्यात जलद असू शकतं. तुमच्या डॉक्टरांनी हाच विचार केला असेल, असं मला वाटतं. त्यांनी तो बोलून दाखवायला हवा होता. तुम्हाला राग आला यात गैर काही नाही.

आप्पांचं ‘बैल करू नका’ हे मात्र मी हसण्यावारी नेणार नाही, तुम्हीही नेऊ नका. ज्यानं जन्मभर गोठ्यात बैल बघितले त्याला या ऑपरेशनचं जे चित्र दिसतं ते तेच. त्यांना खरं सांगा. इच्छा कमी होईल, ताठरता जाईल, अंगातून एकदम वाफा येतील, रात्री घामानं सदरा भिजेल. स्नायू हळूहळू कमी होतात, पोटावर चरबी येते, हाडं ठिसूळ होतात, मन उदास होतं. आवाज बदलत नाही. आणि हे सगळं इंजेक्शननंही होतं, कारण ते हार्मोन जाण्यामुळे होतं, कापण्यामुळे नाही. एक फरक आहे तो असा की इंजेक्शन थांबवता येतं, ऑपरेशन मागे घेता येत नाही. त्यांना रिकाम्या पिशवीची लाज वाटत असेल तर वरचं वेष्टन ठेवून फक्त आतला भाग काढायची पद्धत आहे, सर्जनना विचारा, बाहेरून फारसं कळत नाही. एवढं ऐकूनही आप्पा नाही म्हणाले तर नाही. मग इंजेक्शन घ्यायचं, उसळीचं कवच विसरायचं नाही आणि तारीख चुकवायची नाही. शरीर त्यांचं आहे. तुम्ही आणि डॉक्टरांनी दार लावून ठरवून टाकू नका. सगळ्यांना बाहेर पाठवून त्यांना डॉक्टरांशी एकट्यानं बोलू द्या, मुलासमोर बाप हे विषय काढत नाही.

आता अ‍ॅबिराटेरॉनकडे येते. ते का लागतं हे कळण्यासाठी मी तुम्हाला आमच्या प्रयोगशाळेतला एक फ्लास्क दाखवते. आम्ही एलएनकॅप नावाच्या पेशी वाढवायचो. अमेरिकेतल्या बफेलो शहरात १९७७ साली एका ५० वर्षांच्या रुग्णाच्या मानेजवळच्या गाठीतून त्या घेतल्या गेल्या आणि आजही जगभरच्या प्रयोगशाळांत त्या जिवंत आहेत. फार नाजूक, फ्लास्क जरा जोरात ठेवला तरी तळापासून सुटून तरंगायच्या. त्यांचं खाद्य गुलाबी रंगाचं असतं. पेशी जोमानं वाढल्या की आम्ल तयार होतं आणि ते पिवळं पडतं. हार्मोन काढून टाकलेलं खाद्य दिलं की ते दिवसेंदिवस गुलाबीच राहायचं. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी लांबट, बारीक शेपट्या फुटल्यासारख्या, जागच्या जागी थांबलेल्या दिसायच्या. आम्ही त्यांना तसंच ठेवलं, खाद्य बदलत राहिलो. कित्येक महिन्यांनी एका सोमवारी सकाळी कपाट उघडलं तर एक फ्लास्क पिवळा. शनिवारी गुलाबी होता. हार्मोन नव्हतं तरी पेशी वाढल्या होत्या. तो फ्लास्क हातात धरून मी किती वेळ उभी होते कुणास ठाऊक, कारण ज्या माणसाच्या त्या पेशी होत्या त्याच्या अंगात काय झालं असेल ते मला त्या रंगात दिसत होतं.

रुग्णाच्या शरीरात हे होतं ते अनेक वाटांनी. एलएनकॅपच्या रिसेप्टरमध्ये एका अक्षराचा बदल आहे, त्यामुळे तो भलत्याच हार्मोननं चालू होतो. फ्लुटामाइड हे त्याला बंद पाडायचं जुनं औषध, पण त्यानंही तो चालू होतो. काही गाठींत रिसेप्टरच्या प्रती वाढतात, म्हणजे थेंबभर हार्मोन पुरतं. काहींत रिसेप्टर अर्धवट तयार होतो आणि हार्मोनशिवाय सदाचा चालू राहतो. आणि हार्मोन फक्त वृषणांतच बनतं असंही नाही. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी थोडं कच्चं हार्मोन सोडतात आणि गाठ त्यातून स्वतःपुरतं बनवून घेते. तुम्ही नीरा उजव्या कालव्याच्या भागातले, तुम्हाला लगेच समजेल. कालव्याची पाळी बंद केली तरी विहिरीवर ऊस काही दिवस तगतो आणि शेतात बोअर पडली तर कालव्याची वाटही बघत नाही. ऑपरेशन कालवा बंद करतं. अ‍ॅबिराटेरॉन हे हार्मोन बनवणाऱ्या एका एन्झाइमलाच अडवतं, त्यामुळे विहीर आणि बोअर दोन्ही आटतात. हे रसायन १९९०च्या सुमाराला लंडनच्या कॅन्सर संशोधन संस्थेत तयार झालं आणि रुग्णांसाठी मंजूर व्हायला २०११ उजाडलं.

आधी ते अगदी शेवटी देत असत. २०१७ साली दोन मोठ्या अभ्यासांनी दाखवलं की सुरुवातीलाच द्यावं. त्यातल्या लॅटिट्यूड नावाच्या अभ्यासात आप्पांसारखेच, म्हणजे ग्लीसन जास्त आणि हाडांत पसरलेले १,१९९ रुग्ण होते. नुसत्या हार्मोन बंदीवर निम्मे रुग्ण साधारण ३६ महिन्यांपुढे जगले, अ‍ॅबिराटेरॉन जोडल्यावर निम्मे ५३ महिन्यांपुढे. ही सरासरीची भाषा आहे, आप्पांचं वर्ष-महिना यातून काढता येत नाही. पण दीड वर्षाच्या आसपासचा हा फरक या आजारात फार मोठा आहे, आणि तो तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या चिठ्ठीतच आहे. तुम्हाला जुनं दिलंय असं तुम्ही म्हणता, त्या चिठ्ठीची दुसरी ओळ या संशोधनातूनच आली. काही रुग्णांना सुरुवातीला डोसेटॅक्सेलची केमोही देतात, आप्पांची तब्येत बघून तोही प्रश्न विचारा.

या गोळ्यांबरोबर प्रेडनिसोलोन असतंच. ते ‘स्टेरॉइड नको’ म्हणून कुणी बंद करायला सांगेल, करू नका. त्याशिवाय पोटॅशियम घसरतं आणि रक्तदाब चढतो. साखर असेल तर मात्र आधी सांगा. गोळ्या उपाशी पोटी घ्यायच्या. तेलकट जेवणानंतर घेतल्या तर औषध रक्तात दहापटीपर्यंत जास्त जातं. याचाच उपयोग करून शिकागोच्या डॉक्टरांनी ७२ रुग्णांत नाश्त्याबरोबर पाव डोस देऊन बघितला, २०१८ साली तो प्रसिद्ध झाला, पीएसए जवळपास सारखाच उतरला. खर्च झेपत नसेल तर हा विषय डॉक्टरांकडे जरूर काढा, पण घरच्या घरी गोळ्यांची संख्या बदलू नका. आणि पाकिटावरची छापील किंमत बघून घाबरू नका. या औषधाच्या भारतीय कंपन्यांच्या गोळ्या आहेत, छापील किमतीत आणि प्रत्यक्ष विक्रीत मोठी तफावत असते. तीन ठिकाणी विचारा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला रेशन कार्ड आणि बायोप्सीचा रिपोर्ट दाखवून काय काय बसतं ते विचारून घ्या.

म्हणून उसाची जमीन विकू नका. निदान ल्युटेशियमसाठी आत्ता नको. ते औषध खोटं नाही, फार देखणं विज्ञान आहे. प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशीच्या अंगावर पीएसएमए नावाचं प्रथिन दाटीनं असतं. त्याला चिकटणाऱ्या रेणूच्या शेपटीला किरणोत्सारी ल्युटेशियम-१७७ बांधतात. शिरेतून दिलं की ते गाठ शोधून तिला चिकटतं आणि फार तर दोन मिलिमीटर अंतरावर मारा करतं. हे ल्युटेशियम आपल्याच मुंबईत, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या ध्रुव अणुभट्टीत तयार होतं. पण व्हिजन नावाच्या ज्या अभ्यासावर २०२२ साली अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली, त्यातल्या ८३१ रुग्णांची हार्मोनची नवी औषधं आणि केमो आधीच घेऊन झाली होती. तिथे निम्मे रुग्ण ११ महिन्यांऐवजी १५ महिन्यांपुढे जगले. पाळी आल्यावर हे चार महिने मोलाचे आहेत. ते आणखी आधी द्यावं का यावर अभ्यास चालू आहेत. आप्पांच्या अंगातल्या पेशी अजून हार्मोनवर जगतायत, म्हणजे सगळ्यात परिणामकारक हत्यार अजून वापरलेलंच नाही. ते बाजूला ठेवून जमीन विकून ल्युटेशियम घ्यायला मी माझ्या सख्ख्या भावाला सांगितलं नसतं.

झाडपाल्याच्या पावडरीबद्दल एवढंच. अमेरिकेत पीसी-स्पेस नावाचं आठ वनस्पतींचं म्हणून विकलं जाणारं औषध होतं, त्यानं पीएसए खरंच उतरायचा. तपासलं तर त्यात कृत्रिम स्त्री-हार्मोन आणि रक्त पातळ करणारं औषध मिसळलेलं निघालं. २००२ साली ते बाजारातून काढलं. पावडरीत काय आहे हे माहीत नसताना ती आप्पांना देऊ नका.

आता तुमच्या आत्याकडे येते. तुम्ही ती ओळ पैशाच्या संदर्भात लिहिलीत. मी वाचली तेव्हा मला वेगळंच दिसलं. तिचा आजार बायकांचा, आप्पांचा पुरुषांचा, म्हणून घरात कुणी दोन्ही शेजारी ठेवून बघितले नसतील. पण ही सख्खी भावंडं, आणि बीआरसीए२ नावाच्या जनुकातला एकच बिघाड बहिणीला कमी वयात स्तनाचा आणि भावाला आक्रमक प्रोस्टेटचा कॅन्सर देऊ शकतो. हे जनुक तुटलेला डीएनए दुरुस्त करायचं काम करतं. २०१६ साली पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरच्या ६९२ पुरुषांची तपासणी प्रसिद्ध झाली, त्यात ११.८ टक्के पुरुषांत अशा दुरुस्तीच्या जनुकांतला जन्मजात बिघाड निघाला. निम्म्याच्या जवळपास बीआरसीए२चाच. आप्पांच्या घरात ४१व्या वर्षी गेलेली बहीण असताना ही तपासणी राहू देऊ नये.

ती रक्ताच्या किंवा लाळेच्या नमुन्यावर होते, आयुष्यात एकदाच. बिघाड निघाला तर पुढे हार्मोनचे उपचार चालेनासे झाल्यावर ओलापारिबसारखं औषध वापरता येतं. त्या पेशींची दुरुस्तीची एक वाट आधीच बंद असते, हे औषध दुसरी बंद करतं आणि पेशी मोडते. २०२० साली प्रोस्टेटसाठी त्याला मान्यता मिळाली. तुम्ही जनुकांवरचं औषध विचारलंत ना, आप्पांसाठी ते असलंच तर हे.

आणि ही तपासणी फक्त आप्पांची नाही. बिघाड निघाला तर तुमच्यात आणि तुम्हाला बहीण असेल तर तिच्यात तो उतरलेला असण्याची शक्यता प्रत्येकी निम्मी. स्तनाचा कॅन्सर आईकडूनच येतो अशी समजूत आहे, बापाकडूनही तेवढाच येतो. बहीण दिल्या घरी गेली म्हणून तिला कळवायचं राहून जातं, असं मी डोळ्यांनी बघितलंय. माझ्या ओळखीतल्या एका घरात भावांनी आपल्या तपासण्या करून घेतल्या आणि बहिणीला ‘उगाच सासरी बोभाटा नको’ म्हणून सांगितलंच नाही. तिची गाठ उशिरा सापडली. तसं होऊ देऊ नका. आत्याची मुलं असतील तर त्यांनाही. मुंबईत टाटा मेमोरियलकडे अनुवंशिक कॅन्सरचा सल्ला देणारे तज्ज्ञ आहेत. तपासणीआधी त्यांच्याशी बोला, निकाल काहीही आला तरी त्याचं पुढे काय करायचं हे आधी ठरलेलं बरं. पण यासाठी उपचार थांबवू नका, नमुना कधीही देता येतो.

आता फोन ठेवा आणि गाडी सांगा. बायोप्सीचा रिपोर्ट, हाडांचा स्कॅन आणि पीएसएचा कागद एका पिशवीत घ्या, आप्पांना मागच्या सीटवर आडवं झोपवून न्या. एमआरआयचा रिपोर्ट आला की त्यातली मज्जारज्जूबद्दलची ओळ मला जशीच्या तशी लिहून पाठवा.

तुमची ताई